आपल्या कॅमेऱ्याची खरी किल्ली कोणाकडे? – 'रूट' समजून घेऊया



ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवणं बंधनकारक केलं, आणि त्यानंतर आमच्याही शाळेत कॅमेरे आले. चार कॅमेरे आणि कार्यालयातल्या कपाटावर एक काळा डबा, म्हणजे डीव्हीआर. बसवणारा मुलगा कामाचा होता. दोन तासांत सगळं जोडून दिलं आणि जाताना डब्यावर एक चिठ्ठी चिकटवून गेला. चिठ्ठीवर वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. "मॅडम, विसरलात तर बघायला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौथीतला एक मुलगा हजेरीपट द्यायला कार्यालयात आला. मुलांची नजर कशी असते तुम्हाला माहीतच आहे. त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचा पण हाच पासवर्ड आहे!"

मी हसले. पण तो गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या शाळेची किल्ली त्याच्या दुकानाला लागते, म्हणजे त्याच्या दुकानाची किल्ली आमच्या शाळेला लागते. आणि गावात अशी अजून किती कुलपं असतील?

म्हणून हा विषय मी नीट अभ्यासायला घेतला. जे समजलं ते सोप्या भाषेत तुमच्यापुढे मांडते आहे. शेवटी वर्गात घेता येईल अशी एक कृतीही दिली आहे.

या लेखातून काय समजून घ्यायचे आहे?

१. घरातला किंवा शाळेतला कॅमेरा आतून नेमका काय असतो?
२. 'रूट' म्हणजे काय आणि तो दुसऱ्याच्या हाती कसा जातो?
३. कॅमेऱ्याच्या तीन किल्ल्या कोणत्या?
४. पालक आणि शिक्षक म्हणून आपण काय करावे?

कॅमेरा म्हणजे छोटा संगणकच

आपल्याला वाटतं, कॅमेरा म्हणजे भिंग आणि वायर. जुने कॅमेरे तसे होते. पण आज वायफायला जोडलेला कॅमेरा, दारावरची व्हिडिओ बेल, लहान बाळावर लक्ष ठेवणारा मॉनिटर किंवा डीव्हीआरचा डबा, या सगळ्यांच्या आत एक छोटा संगणक असतो. त्याला प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि त्यावर एक कार्यप्रणाली चालते. बहुतेक अशा उपकरणांत ती लिनक्स असते. कंपनीने त्यात कायमस्वरूपी भरून दिलेल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात.

फरक एवढाच, की घरच्या संगणकाला पडदा आणि कीबोर्ड असतो, म्हणून त्यात काय चाललंय ते आपल्याला दिसतं. कॅमेऱ्याला यातलं काहीच नसतं. त्याच्या आत काही बिघडलं, कोणी शिरलं, तरी बाहेरून तो हिरवा दिवा लावून शांत बसलेला असतो.

रूट म्हणजे कोण?

आपल्या शाळेचंच उदाहरण घेऊ. विद्यार्थी वर्गात येऊ शकतो, पण कार्यालयाचं कपाट उघडू शकत नाही. वर्गशिक्षकाकडे वर्गाची किल्ली असते. मुख्याध्यापकांकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. ते जनरल रजिस्टर काढू शकतात, नोंद करू शकतात, कुलूपसुद्धा बदलू शकतात.

लिनक्समध्ये या जुडग्याचा मालक म्हणजे 'रूट'. हे नाव युनिक्स या कार्यप्रणालीतून आलं. युनिक्सचं काम १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झालं. गंमत म्हणजे तिथेही हजेरीपट असतो. प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि रूटचा क्रमांक असतो शून्य. यंत्र विचारतं, "क्रमांक किती?" उत्तर 'शून्य' आलं की यंत्र पुढे काही विचारत नाही. वाच म्हटलं तर वाचतं, पूस म्हटलं तर पुसतं.

इथे एक बारीक मुद्दा आहे. आपण मोबाइल अ‍ॅपवर किंवा डीव्हीआरच्या पडद्यावर 'अ‍ॅडमिन' म्हणून आत जातो तेव्हा वाटतं, आपणच मुख्याध्यापक. पण पुष्कळ उपकरणांत अ‍ॅडमिन हा फक्त वर्गशिक्षक असतो. चित्र पाहणे, रेकॉर्डिंग काढणे, वेळ बदलणे एवढीच त्याची कामं. खाली रूट वेगळाच असतो आणि त्याची किल्ली विकत घेणाऱ्याला कधी दिलेलीच नसते. पैसे आपण दिले, भिंतीवर आपण लावला, पण जुडगा आपल्याकडे नाही.

रूट दुसऱ्याच्या हाती कसा जातो?

याचे मुख्य मार्ग चार आहेत. शिकवताना मी 'घरात शिरण्याचे चार रस्ते' असं म्हणते.

१. *सगळ्यांची किल्ली एकच.* कारखान्यातून हजारो उपकरणं एकाच पासवर्डने बाहेर पडतात. सायकलच्या स्वस्त कुलपाची किल्ली शेजारच्या सायकलला लागते, तसंच.

२. *लपवलेली किल्ली.* दुरुस्तीच्या सोयीसाठी कंपनी फर्मवेअरमध्ये एक छुपं खातं ठेवते. मालकाला त्याचा पत्ता नसतो. पण एकाच मॉडेलच्या सगळ्या यंत्रांत फर्मवेअर तेच असतं. एकाने एक यंत्र उघडून ती किल्ली शोधली, की तीच किल्ली बाकी सगळ्यांना लागते.

३. *भिंतीतलं भगदाड.* कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आपण नाव, वेळ, भाषा असं काही भरतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती माहिती न तपासता तशीच पुढे यंत्राला दिली, तर माहितीच्या जागी कोणी आज्ञाच लिहून पाठवू शकतो. यंत्र ती आज्ञा रूट म्हणून पाळतं. इथे पासवर्डची गरजही लागत नाही. आपल्याकडे एखादा मुलगा रजेच्या अर्जात मध्येच 'शाळेला सुट्टी द्यावी' असं लिहील आणि शिपाई ते वाचून घंटाच देईल, असा हा प्रकार.

४. *यंत्र हातात घेऊन उघडणे.* आतल्या पट्टीवर कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेले धातूचे बारीक ठिपके असतात. तिथे वायर जोडून थेट आतल्या संगणकाशी बोलता येतं. यासाठी यंत्र प्रत्यक्ष हातात लागतं. म्हणून जुना कॅमेरा विकताना किंवा भंगारात देताना आधी त्याची माहिती पुसणं आणि आतलं मेमरी कार्ड काढून घेणं महत्त्वाचं.

तिसऱ्या रस्त्याचं एक गाजलेलं उदाहरण २०२१ चं आहे. हिकव्हिजन ही कॅमेरे बनवणारी मोठी चिनी कंपनी. तिच्या अनेक मॉडेलमध्ये असं भगदाड एका स्वतंत्र संशोधकाला सापडलं. आत शिरायला ना वापरकर्त्याचं नाव लागत होतं, ना पासवर्ड. त्याने आधी कंपनीला कळवलं, कंपनीने सुधारित फर्मवेअर तयार केलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. धोका मोजण्याच्या दहापैकीच्या मापावर तिला ९.८ गुण होते. त्यात त्या संशोधकाने दाखवलेली एक बाब मला फार बोलकी वाटली. त्या भगदाडातून शिरणाऱ्याला मालकापेक्षा जास्त अधिकार मिळत होते. मालकाला कंपनीने मर्यादित खोलीत ठेवलं होतं आणि चोराला मात्र सगळा वाडा मोकळा.

मिराईची गोष्ट

पहिल्या रस्त्याचं, म्हणजे 'सगळ्यांची किल्ली एकच' याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे २०१६ मधला मिराई. मिराई या जपानी शब्दाचा अर्थ 'भविष्य'. हा एक प्रोग्रॅम होता. तो इंटरनेटवरचे पत्ते एकेक करून ठोठावायचा आणि टेलनेट नावाचं जुनं दार उघडं आहे का ते पाहायचा. टेलनेट म्हणजे दुसऱ्या संगणकावर दुरून आज्ञा देण्याची साठ-सत्तरच्या दशकातली पद्धत. अनेक कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरमध्ये ती विनाकारण चालू ठेवलेली होती.

दार सापडलं की मिराई आपल्याजवळची यादी काढायचा. यादीत किती जोड्या असतील? लाख? कोटी? नाही. नाव आणि पासवर्डच्या फक्त साठेक जोड्या! 'रूट' आणि '१२३४५६', 'अ‍ॅडमिन' आणि 'अ‍ॅडमिन', असल्या कारखान्यातल्या ठरलेल्या जोड्या. एवढ्या छोट्या यादीवर त्याने ऐन भरात सुमारे सहा लाख उपकरणं ताब्यात घेतली, असं नंतर संशोधकांनी मोजलं.

आत शिरल्यावर तो दार आतून लावून घ्यायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तिथून शिरता येऊ नये. मग तो कॅमेरा मालकाला रोजच्यासारखं चित्र दाखवत राहायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या हुकमाने कोणावर तरी माहितीचा मारा करायचा. मालकाला फार तर वाटे, आज नेट जरा हळू आहे.

हा प्रोग्रॅम फक्त तात्पुरत्या स्मृतीत राहायचा. कॅमेरा बंद करून चालू केला की तो जायचा. पण किल्ली तीच असल्यामुळे काही मिनिटांत पुन्हा यायचा. काही उपकरणांत तर याहून वाईट स्थिती होती. मालकाने पासवर्ड बदलला तरी तो वरवरचा बदलायचा. आतला रूटचा पासवर्ड फर्मवेअरमध्ये कोरलेला होता, तो बदलायची सोयच नव्हती.

सप्टेंबर २०१६ मध्ये सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे अमेरिकन पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्या संकेतस्थळावर या कॅमेऱ्यांच्या फौजेने हल्ला केला. दर सेकंदाला ६२० गिगाबिट एवढा तो मारा होता. २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या अमेरिकन कंपनीवर हल्ला झाला. डिन काय करायची? आपण संकेतस्थळाचं नाव टाकतो, पण संगणकाला आकड्यांतला पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारं ते रजिस्टर डिन सांभाळत होती. रजिस्टरच उघडेना म्हटल्यावर ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय अशी मोठी संकेतस्थळं काही तास अनेकांना दिसेनाशी झाली. ती संकेतस्थळं जाग्यावरच होती, फक्त त्यांचा पत्ता सांगणारं कोणी नव्हतं.

आता शिक्षक म्हणून माझ्या मनाला लागलेला भाग. मिराई कोणी बनवला? कुठल्या देशाच्या लष्कराने नाही. विशीतल्या तीन अमेरिकन तरुणांनी. माइनक्राफ्ट हा खेळ आपली मुलंही खेळतात. त्या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांमध्ये पैशांची चढाओढ होती आणि दुसऱ्याचा सर्व्हर पाडण्याच्या उद्योगातून ही गोष्ट वाढत गेली. पुढे त्यांनी तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी उघडा केला आणि मग जो तो वापरू लागला. डिनवरील हल्ल्याच्या प्रकरणात २०२० मध्ये गुन्हा कबूल करणारी व्यक्ती तर हल्ल्याच्या वेळी अल्पवयीन होती.

त्या तिघांनी २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा मान्य केला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना पाच वर्षांची देखरेख, २,५०० तासांची समाजसेवा आणि १ लाख २७ हजार डॉलरची भरपाई अशी शिक्षा झाली. त्यांनी तपास यंत्रणेला मोठी मदत केली, म्हणून तुरुंगवास टळला. ज्या हुशारीने हे केलं तीच हुशारी पुढे चोर पकडायला उपयोगी पडली. मग ती आधीच योग्य वाटेला का लागली नाही? हा प्रश्न आपल्यासाठी आहे.

तीन किल्ल्या

इथवर वाचून वाटेल, की रूट सांभाळला म्हणजे झालं. तसं नाही. इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्याला तीन किल्ल्या असतात.

*पहिली किल्ली : यंत्राच्या आतला रूट.* ती आपण वर पाहिली.

*दुसरी किल्ली : मोबाइल अ‍ॅपवरचं आपलं खातं.* डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात एका आईने मुलींच्या खोलीत रिंग कंपनीचा कॅमेरा लावला होता. हेतू चांगलाच होता, कामावर असताना मुलींवर लक्ष राहावं. काही दिवसांतच त्या कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून एक अनोळखी माणूस आठ वर्षांच्या मुलीशी बोलू लागला. मी सांताक्लॉज आहे म्हणाला. अशा घटना तेव्हा अनेक घरांत झाल्या. इथे कॅमेऱ्याचा रूट कोणी फोडला नव्हता. दुसऱ्या संकेतस्थळांवरून फुटलेले पासवर्ड या अ‍ॅपवर लावून पाहायचे, ही त्यातली मुख्य युक्ती. लोक सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात, त्याचा हा फायदा.

*तिसरी किल्ली : कंपनीकडची.* ही आपल्याला दिसतच नाही. त्याच रिंग कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये आरोप ठेवला, की कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खाजगी व्हिडिओ पाहता येत होते. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

याहून बोलकं उदाहरण मार्च २०२१ मधलं. व्हर्काडा ही अमेरिकन कंपनी शाळा, रुग्णालयं, तुरुंग आणि कारखान्यांना कॅमेरे पुरवते. तिच्या एका 'महा-अ‍ॅडमिन' खात्याची माहिती इंटरनेटवर उघडी राहिली होती. ती हॅकरच्या एका गटाला सापडली. त्यांच्या म्हणण्यानुसार सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत त्यांचा हात पोहोचला. त्यातून कॅमेऱ्यांचा रूटही मिळत होता, कारण कंपनीने आपल्या सोयीसाठी ती वाट ठेवलेलीच होती. त्या शाळांनी आणि रुग्णालयांनी आपला पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता, तरी काय उपयोग होता?

हे सगळं परदेशातच होतं का?

नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणी खोलीचं चित्रीकरण यूट्यूब आणि टेलिग्रामवर आलं. स्त्रियांच्या तपासणीचं ते चित्रीकरण पैसे घेऊन विकलं जात होतं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी तपास केला. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगली भागातले तरुण होते. बातम्यांतून पुढे आलं, की त्या यंत्रणेचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन१२३' असा होता.

मिराईच्या साठ जोड्यांच्या यादीत शोभेल असा हा पासवर्ड. मध्ये नऊ वर्षं गेली होती. आणि हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कपाटावरची ती चिठ्ठी आली.

या प्रकरणात आणखी एक प्रश्न आहे. तपासणीच्या खोलीत कॅमेरा हवाच कशाला? पासवर्ड अवघड असता तरी तो कॅमेरा तिथे चुकीचाच होता. आपल्या शाळेतही कॅमेरा कुठे असावा आणि कुठे नसावा हे आपण ठरवायचं आहे. फाटक, पटांगण, वऱ्हांडा इथे तो हवा. स्वच्छतागृहाच्या आत किंवा मुलं कपडे बदलतात त्या खोलीत तो नको.

रूट मिळवणं नेहमीच वाईट का?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून उत्तर तयार असावं. किल्लीवाला कुलूप उघडतो आणि चोरही उघडतो. फरक कौशल्यात नसतो, घर कोणाचं आणि परवानगी कोणाची यात असतो.

स्वतःच्या पैशाने घेतलेला कॅमेरा स्वतःच्या टेबलावर उघडून आत काय आहे हे पाहणारे हौशी लोक आणि संशोधक जगभर आहेत. कंपनीने जुन्या मॉडेलला सुधारणा देणं बंद केलं, की काही जण त्यावर मोकळं फर्मवेअर बसवतात आणि चित्र कंपनीच्या सर्व्हरवर न पाठवता घरातच ठेवतात. २०२१ चं ते भगदाड सापडलं तेही अशाच एका माणसामुळे. त्याने ते शोधून आधी कंपनीला कळवलं, ही त्यातली मोठी गोष्ट.

दुसऱ्याच्या यंत्रात मात्र परवानगीशिवाय शिरणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'मी फक्त बघितलं, काही केलं नाही' हे कारण चालत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्या वर्गातही एखादा असा खटपट्या असतो, रेडिओ उघडून बसणारा. त्याला 'हात लावू नकोस' एवढंच सांगून भागत नाही. त्याला आपलं जुनं, निरुपयोगी यंत्र द्यावं आणि 'हे उघड, पण दुसऱ्याचं नाही' असं सांगावं.

वर्गात घेण्याची कृती : किल्ल्या किती?

इयत्ता : चौथी ते सातवी. वेळ : एक तासिका. साहित्य : कागद, पेन्सिल.

१. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने मनात दोन अंकी आकडा धरून कागदावर लपवून लिहावा. ००, ०१ असे आकडेही चालतील. दुसऱ्याने तो ओळखावा. शक्यता एकूण १००.

२. किती प्रयत्नांत सापडला ते फळ्यावर लिहावं. काही जोड्यांत फार लवकर सापडलेला असतो. का, ते मुलांनाच विचारावं. उत्तरं येतात : "त्याचा हजेरी क्रमांक होता", "तिने ११ धरला होता", "त्याच्या वाढदिवसाची तारीख होती". मुद्दा मुलांच्या तोंडूनच येतो.

३. आता गुणाकार. चार अंकांच्या किल्ल्या १० × १० × १० × १० = १०,०००. सेकंदाला एक प्रयत्न केला तर सगळ्या संपायला पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. सहा अंकांच्या किल्ल्या १०,००,०००. फक्त छोटी इंग्रजी अक्षरं घेऊन आठ अक्षरांचा शब्द केला, तर २६ ला आठ वेळा घेऊन गुणायचं. उत्तर येतं २,०८,८२,७०,६४,५७६, म्हणजे वीस हजार आठशे ब्याऐंशी कोटींहून जास्त!

४. मग मिराईची गोष्ट सांगावी आणि विचारावं : "एवढ्या कोटी किल्ल्या शक्य असताना त्याचं साठांत कसं भागलं?" मुलं थोडा वेळ गप्प बसतात आणि मग कोणीतरी म्हणतं, "कारण कोणी किल्ली बदललीच नव्हती."

सूचना : या कृतीत कोणत्याही मुलाला घरचा खरा पासवर्ड विचारू नये आणि कोणी सांगू लागलं तर थांबवावं. पासवर्ड सांगायचा नसतो, हाही धडाच आहे.

घरी आणि शाळेत आपण काय करावे?

१. बसवणाऱ्यासमोरच पासवर्ड बदला. तो लांब असू द्या. चार-पाच असंबद्ध शब्दांचा असला तर लक्षातही राहतो. डीव्हीआरचा, अ‍ॅपचा आणि वायफाय राउटरचा पासवर्ड वेगवेगळा ठेवा.
२. अ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीची सोय असेल तर ती चालू करा. पासवर्ड फुटला तरी ओटीपीशिवाय आत येता येत नाही.
३. दर दोन-तीन महिन्यांनी फर्मवेअरची सुधारणा आली आहे का ते पाहा. भगदाड बुजवण्याचा सामान्य माणसाकडे हाच एक उपाय आहे.
४. बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येणारी वाट राउटरवर उघडून ठेवली आहे का, हे बसवणाऱ्याला विचारा. गरज नसेल तर बंद करून घ्या. टेलनेट चालू असेल तर तेही बंद करा.
५. जमल्यास कॅमेऱ्यासाठी वेगळं वायफाय ठेवा. बहुतेक राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नाव देण्याची सोय असते. कॅमेरा फुटला तरी मोबाइल आणि संगणक वेगळे राहतात.
६. कोणाकोणाच्या मोबाइलवर चित्र दिसतं याची यादी करा. बदली होऊन गेलेले शिक्षक आणि काम संपलेला बसवणारा यांचा प्रवेश काढून टाका.
७. मुलांच्या खोलीत कॅमेरा लावण्याआधी दोनदा विचार करा. लावलाच तर कारण संपलं की काढा.
८. खरेदी करताना भावासोबत एवढंच विचारा : सुधारणा किती वर्षं मिळणार? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन उपकरणं विकायला कायद्याने बंदी आहे. भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी सरकारने २०२४ मध्ये अधिसूचित केल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्या अटींप्रमाणे तपासलेला कॅमेरा आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.
९. कोणी आत शिरल्याचा संशय आला तर आधी कॅमेऱ्याचं नेट तोडा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. रेकॉर्डिंग घाईने पुसू नका, तो पुरावा असतो.

शेवटी

त्या चिठ्ठीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. मुख्याध्यापक सरांशी बोलले. ते म्हणाले, "मॅडम, आपल्या शाळेचं चित्र बघून कोणाला काय मिळणार?" मी म्हटलं, "सर, फाटकातून कोणती मुलगी किती वाजता एकटी बाहेर पडते, ते दिसतं त्यात." सर क्षणभर थांबले आणि त्यांनी स्वतः उठून चिठ्ठी काढली.

पासवर्ड बदलायला आम्हाला दहा मिनिटं लागली, त्यातली सात मिनिटं रिमोट शोधण्यात गेली. नवा पासवर्ड एका पाकिटात बंद करून कुलपाच्या कपाटात ठेवला. कोणाच्या मोबाइलवर चित्र दिसतं ती यादी काढली, तर त्यात बसवणाऱ्याचा नंबर होता. तोही काढला. आतला रूट कोणाकडे आहे, हे मात्र आम्हाला आजही ठरवता येत नाही. ते कंपनीच्या हाती आहे. म्हणून कॅमेरे फाटक, पटांगण आणि वऱ्हांडा एवढ्याच ठिकाणी ठेवायचं असं शाळा व्यवस्थापन समितीत ठरवलं. जी किल्ली आपल्याकडे नाही, तिच्या भरवशावर मुलांचं खाजगीपण ठेवायचं नाही.

आणि तो मुलगा? त्याला मी दुसऱ्या दिवशी सगळं समजावून सांगितलं. संध्याकाळी त्याने वडिलांना दुकानातला पासवर्ड बदलायला लावला. सकाळी येऊन सांगितलं, "मॅडम, आता आमचा पासवर्ड तुम्हाला पण माहीत नाही."

मी त्याला शाबासकी दिली. आज घरी गेल्यावर तुम्हीही एकदा आपल्या डब्यावर चिठ्ठी आहे का, ते पाहा.